ढबू विकण्याआधी म्हणायची कविता

प्रिय घुबडा,

सप्रेम नमस्कार. शिवाय तू माझ्यापेक्षा काही महिन्यांनी मोठा आहेस हे तू आयुष्यभर ऐकवत आलास, म्हणून वाकून आणखी एक नमस्कार (वाकलो तेव्हा कंबर धरली ती अजून सुटलेली नाही, तेव्हा हा दुसरा जपून ठेव, तिसरा मिळणार नाही). तुझा गुडघा कसा आहे? कानांचं काय म्हणणं आहे? मांजरीला पिल्लं झाली, की ती नुसतीच जाड झाली होती? ही गेल्यानंतर तू पाठवलेलं पत्र वेळेवर मिळालं होतं. उत्तराला उशीर झाला तो आळसामुळे नव्हे. "तुझं पत्र मिळालं" एवढं लिहून व्हायचं आणि पुढचं वाक्य काय ते ठरायचं नाही, मग त्या कागदाच्या पाठीवर मी झाडं काढत बसायचो. अशी बरीच झाडं झाली. आज मात्र पुढची वाक्यं भरपूर आहेत. मी मजेत आहे. जेवण वेळेवर होतं, झोप लागते, कशाची म्हणून कशाचीही गरज नाही. हे वाक्य लक्षात ठेव, कारण पत्र लांबणार आहे आणि मध्येच तुला उगाच शंका येईल.

तर ऐक. तुझ्यापासून आजवर लपवलेली गोष्ट अशी, की मी आणि तुझी वहिनी, आम्ही दोघं मिळून गेली काही वर्षं क्रिप्टोचे व्यापारी होतो. हस मेल्या, पोटभर हस. ज्या माणसाची उमेदीची वर्षं पाणीपुरवठा खात्यात ट्रेसिंगच्या कागदावर नळांच्या रेघा ओढण्यात गेली आणि ज्या बाईची वॉर्डातल्या रोग्यांच्या उशाशी गेली, त्यांनी उतारवयात, हातात धरता येत नाही आणि खाली पडलं तर वाजतही नाही, अशा नाण्याच्या मागे लागावं यात हसण्यासारखं आहेच. मूळ दोष आमच्या जिन्याखालच्या चष्मेवाल्याचा. त्याने मला यंत्रापुढे हनुवटी टेकवायला लावली, डोळ्यांत प्रकाश सोडला आणि विचारलं, "काका, बँकेत ठेवून पैसे काय वाढणार?" हनुवटी टेकवलेल्या माणसाला उत्तर देता येत नाही. त्यामुळे तो बोलत राहिला, मी ऐकत राहिलो, आणि चष्मा तयार होईपर्यंत मी गुंतवणूकदार झालो होतो. (चष्मा उत्तम आहे. त्यातूनच हे लिहितोय.)

त्याने फोनवर एकामागून एक कॉइन दाखवले, त्यांच्या भावांचे ग्राफ दाखवले. शहाणी माणसं त्यात काय बघतात मला ठाऊक नाही, मी रेघ बघितली. जन्मभर दुसरं केलं काय? बहुतेक रेघा कुणीतरी रागाने पेन्सिल ओढावी तशा होत्या. एक मात्र बघितली आणि माझं बोट आपोआप ती गिरवायला लागलं. गड्या, ती हुबेहूब आपल्या शाळेमागची टेकडी होती. डावीकडे तो सपाट तुकडा, जिथे आपण डबे उघडायचो, मग चढ, मग ते दोन उंचवटे आणि मधली खाच, जिच्यातून शाळा सुटायच्या वेळी सूर्य पलीकडे उतरायचा आणि तू म्हणायचास की तो तुझ्या मामाच्या गावाला जातो. मी म्हटलं, "हा द्या." चष्मेवाला म्हणाला, "हाच का?" मी म्हटलं, "ओळखीचा आहे." त्याचं खरं नाव अक्षरं आणि आकडे मिसळून केलेलं, जिभेला न पेलणारं. घरी आम्ही त्याला, जुन्या जाडजूड पैशावरून, ढबू म्हणायचो.

पैसे मात्र तुझ्या वहिनीचे होते, आणि त्यांचं पुढे काय करायचं ते तिने आधीच ठरवलं होतं. तिच्या जुन्या वॉर्डाबाहेर नातेवाइकांना बसायला एक बाक आहे. त्याला पाठ नाही. नोकरीत असताना ती दर वर्षी अर्ज करायची की बाकाला पाठ हवी, माणसं रात्र रात्र बसतात, आणि दर वर्षी वरून उत्तर यायचं की बाक सुस्थितीत आहे. ती म्हणायची, पाठ टेकता आली नाही की माणूस पुढे झुकून बसतो, आणि पुढे झुकून बसलेल्याच्या मनात चांगला विचार येत नाही. निवृत्त झाली त्या दिवशी तिने त्या बाकाकडे असं बघितलं, जसं काही तो एकटाच तिच्या हातून बरा न होता राहिलेला रोगी. तेव्हा ठरलं असं, की ढबू वाढला की विकायचा आणि तिथे पाठ असलेला लांबलचक बाक बसवून द्यायचा. मी त्याच दिवशी त्याचा नकाशा काढायला घेतला.

पण ढबू वाढण्याआधी कोसळला. पंधरा दिवसांत टेकडीची दरी झाली. आता तू मला ओळखतोस. शाळेत निकालाच्या दिवशी मी घरी न जाता नदीकडे चाललो होतो आणि तू माझं दप्तर ओढून मला परत आणलंस (पास झालो होतो, तेही बऱ्या गुणांनी). त्याच माणसाच्या हातात दर मिनिटाला निकाल लागणारं यंत्र आलं. अंघोळीला जाताना फोन, जेवताना ताटाशेजारी फोन, उशीखाली फोन. भाव पडला की वाटायचं, आत्ता विकलं नाही तर रस्त्यावर येऊ. चढला की वाटायचं, अंगठीसुद्धा विकून आणखी घ्यावा. सकाळी भीती, दुपारी हाव, संध्याकाळी दोन्ही, आणि मधल्या वेळात हिच्यावर चिडचिड. हिने काही दिवस नुसतं पाहिलं, जसं नव्या रोग्याला पाहायची. मग एके दिवशी भाजी निवडता निवडता निदान सांगितलं.

"अहो, वॉर्डात एक रोगी असतो. बरा होत असतो, पण सारखी घंटा वाजवतो. त्याच्याकडे धावून धावून सिस्टर आजारी पडते. तुम्ही तो रोगी आहात."

मी म्हटलं, "आणि सिस्टर तू."

"नाही, सिस्टरही तुम्हीच. मी मेट्रन."

आणि मेट्रनने नियम घातला. फोन कपाटात, धुतलेल्या उशांच्या अभ्र्यांखाली. ज्याला घ्यायचं किंवा विकायचं असेल त्याने ते दुसऱ्याला सांगायचं, उभं राहायचं, आणि एक अख्खी कविता म्हणायची. दुसऱ्याने ऐकायची, आणि ऐकताना म्हणणाऱ्याची नाडी धरायची. एक शब्द चुकला तर पहिल्यापासून. कविता संपेपर्यंत नाडी पळत असेल तर सौदा रद्द, दुसऱ्या दिवशी पुन्हा. नाडी शांत असेल आणि तरीही विकावंसं वाटत असेल, तर खुशाल विका. मी पहिल्या दिवशी लबाडीने चार ओळींची निवडली. तिने ती रद्द केली आणि म्हणाली, सगळ्यात लांब पाठ आहे ती म्हणा.

सगळ्यात लांब कुठली असणार? आपल्या चित्रकलेच्या मास्तरांची. आठवते का रे? स्नेहसंमेलनासाठी त्यांनी स्वतः रचलेली, वाऱ्याला उद्देशून, कुठेही न छापलेली. आपल्या वर्गाने पाठ केली आणि आपल्या वर्गाबरोबरच ती संपायची आहे. तू मागच्या बाकावरून मान फिरवून सगळ्यांना पुढची ओळ पुरवायचास, त्यावरूनच तर तुझं नाव पडलं. आणि तो शर्टाचा भाग, ज्याला पोरं दर वेळी माझ्याकडे बघून हसायची, कारण नाटकात राजा मी होतो आणि माझा शर्ट खरोखरच एकच होता:

थांब जरासा, थांब समीरा,
दोरीवरती सदरा माझा;
एकच आहे, नेउ नको रे,
नाटकात मी होइन राजा.

उपाय लागू पडला. अगदी औषधासारखा. विकायला म्हणून तावातावाने उभं राहायचं आणि तिसऱ्या कडव्यापर्यंत मनात ढबू नसायचाच. मास्तरांचा खडूने भरलेला कोट असायचा, वर्गाची ती फुटकी काच, काचेतून टेकडी. कविता संपली की तुझी वहिनी घड्याळावरून नजर उचलायची (तिचं ते गळ्यापाशी उलटं अडकवायचं घड्याळ, निवृत्तीनंतरही सुटलं नाही) आणि विचारायची, "विकायचाय?" मी म्हणायचो, "काय?" घुबडा, तुला म्हणून सांगतो, बाजारात धीर कसा धरावा यावर लोक तासतास भाषणं देतात. मी ती चष्मेवाल्याच्या आग्रहाने ऐकली आहेत. त्यांत कुणीही मनगटाचं नाव काढत नाही. माणसाला घाबरू नकोस म्हणून सांगून काय होतं? त्याचा हात कुणीतरी धरायला लागतो.

कधी कधी तिलाही विकावंसं वाटायचं. मेट्रन झाली तरी माणूसच. मग उलट व्हायचं. ती उभी राहून म्हणायची आणि नाडी मी धरायची. आता इतकी वर्षं नर्सशी संसार करून मला नाडी सापडू नये, पण नाही सापडायची. मी बोटं ठेवायचो, गंभीर चेहरा करायचो आणि म्हणायचो, "ठीक आहे." ती कविता म्हणता म्हणताच, एकही शब्द न चुकवता, माझी बोटं उचलून योग्य जागी ठेवायची. मग लागायची. दर वेळी असं. मी शिकलो नाही, कारण खरं सांगायचं तर मला शिकायचंच नव्हतं.

माझीही एक खोड होती. शेवटून दुसरं कडवं, दिव्याचं, ते झालं की मी अडायचो. शाळेपासून अडतो, तुला माहीत आहे. ते कडवं हे:

थांब जरासा, थांब समीरा,
अंगणात मी दिवा लाविला;
आई अजुनी यायाची रे,
वळसा घालुन जाई त्याला.

इथे मी वर्गाच्या दाराकडे बघायला लागायचो (ज्याची आई लहानपणीच गेली त्याला मास्तरांनी ही कविता द्यायला नको होती, पण मास्तरांना कुठे माहीत होतं). मग मागून तू हळूच पहिले दोन शब्द पुरवायचास, "जा आता", आणि गाडी पुढे सरकायची. बाकी सगळ्या कडव्यांत वाऱ्याला थांब म्हणायचं आणि शेवटच्यात जा म्हणायचं, अशी ती रचना. तुझं ते काम लग्नानंतर हिने उचललं. कविता तिने शिकून अशी शिकलीच नाही, माझ्या तोंडून ऐकून ऐकून तिला आली. स्वयंपाकघरात असली तरी तिथून "जा आता" यायचं, फोडणीच्या आवाजावरून. एकदा ढबू चांगलाच वर गेला होता, बाक पुरा होऊन शेजारी एक छोटं स्टूलही झालं असतं इतका. मी म्हणायला उभा राहिलो आणि पहिल्याच ओळीला उचकी लागली. नियम म्हणजे नियम, पहिल्यापासून. पुन्हा उचकी. साखर खाल्ली, श्वास कोंडला, तिने पाठीत धपाटा घातला, आणि अखेर सहाच्या सहा कडवी निर्विघ्न पार पडली तेव्हा ढबू होता तिथे येऊन बसला होता. आम्ही हसलो इतके, की खालून चष्मेवाला धावत आला. त्याला वाटलं विकला.

त्या बिचाऱ्याचंही सांगायला हवं. तो डोळ्याची पापणी लवते तितक्यात घ्यायचा आणि तितक्यातच विकायचा. चढताना घेतलं, पडताना विकलं, अशा बेतानं की दुकानातले अर्धे दिवे त्याला बंद ठेवावे लागले, आणि अर्ध्या उजेडात डोळे तपासल्यामुळे गिऱ्हाइकांचे नंबर वाढायला लागले. एके दिवशी वर आला आणि म्हणाला, "काकू, मलाही ती कविता द्या." दिली. पण त्याची सवय भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता वाचून घेण्याची. पहिली ओळ खणखणीत, दुसरी बेताची, आणि खाली खाली जाताना आवाज इतका बारीक होत जायचा की शेवटी नुसते ओठ. शर्टाच्या कडव्यापाशी त्याला राहवलं नाही, एका हाताची नाडी हिच्या हातात असताना दुसऱ्या हाताने त्याने खिशातल्या खिशात होतं नव्हतं ते विकलं. हिने नुसतं "अगंबाई" म्हटलं आणि त्याला चहा दिला. चहा पिऊन होईस्तोवर तो विकलेला कॉइन वर गेला, ही गोष्ट आम्ही त्याला सांगितली नाही. त्यालाच कळली.

आता जरा पुढचं. ते मी भरभर सांगणार आहे, तूही भरभर वाच.

तिला नेलं तो वॉर्ड तिचाच होता. बाहेरचा बाकही तोच. त्यावर मी बरेच दिवस बसलो, आणि ती म्हणायची ते खरं आहे, माणूस पुढेच झुकतो. मी फरश्या पाहिल्या. भिंतीला टेकावं तर भिंत लांब, आणि उठून उभं राहावं तर कुणीतरी बाहेर येऊन काहीतरी सांगेल असं वाटतं. एक दिवस, दवाखान्यापायी कपाटातून खिशात आलेला फोन वाजला, चष्मेवाल्याचा. ढबू कधी नव्हता इतका वर गेला होता. "काका, आत्ता विका, पुन्हा हा भाव दिसायचा नाही." मी सवयीने उभा राहिलो. आणि नियम होता म्हणून आत गेलो. ती डोळे मिटून पडली होती. मी तिच्या कानाशी वाकून सांगितलं, "विकतोय गं, बाकासाठी," आणि हळू आवाजात सुरू केलं. शेजारच्या खाटेवरच्या आजीबाई तोंडावरची चादर काढून ऐकायला लागल्या. एकही शब्द चुकला नाही. दिव्याचं कडवं झालं आणि मी नेहमीप्रमाणे अडलो. अडून वाट बघत राहिलो. नाडी तिने धरायची होती, पण तिचा हात चादरीवर होता, म्हणून मीच तिचं मनगट धरलं. मला नाडी सापडली नाही. त्यात नवीन काय होतं? मला ती कधीच सापडली नव्हती. बोटं चुकीच्या जागी पडली असतील असं समजून मी तसाच उभा राहिलो, ती उचलून बरोबर जागी ठेवील म्हणून. बराच वेळ उभा होतो. मग सिस्टर आली. तिने माझी बोटं उचलली. पण दुसऱ्या जागी ठेवली नाहीत, बाजूला केली.

ढबू संध्याकाळपर्यंत खाली आला. चष्मेवाला ते सांगायला आला आणि आमच्या जिन्याच्या पायरीवर बसून रडला. ढबूसाठी की काकूंसाठी हे त्याचं त्यालाही नीट कळत नसावं, म्हणून मी विचारलं नाही. त्याच्या शेजारी बसलो.

त्यानंतर फोन अभ्र्यांखाली पडून होता. मध्यंतरी मुलीने आठवण केली म्हणून काढला (ती लांब असते, तुला माहीत आहे, आणि आईचा हुकूम चालवायचा आवाज तिला वारशात मिळाला आहे), तर आत कंपनीची सूचना येऊन बसलेली. ज्या ॲपवर ढबू राहतो तिथे त्याचा व्यवहार महिनाअखेरीला कायमचा बंद. त्याआधी विकला तर आजच्या भावानेही बाक होईल, स्टूल नाही पण बाक नक्की. त्यानंतर ढबू नुसता नावाचा. मुलगी म्हणाली, "बाबा, त्यात काय, मी सांगते ते बटण दाबा." किती सोपं. मी बटणावर बोट ठेवलंही. आणि काढलं. तिच्या पश्चात घरातले तिचे सगळे नियम मी मोडून बसलो आहे. ओला टॉवेल पलंगावर असतो, दूध उतू जातं, फुलपात्रं उपडी घालत नाही. हा एकच नियम उरला होता, आणि तो मोडला की या घरात तिचं असं काहीच चालत नाही असं झालं असतं. मी मुलीला म्हटलं, आधी कविता, मग बटण.

तर मग ऐकणारा हवा. चष्मेवाल्यापुढे म्हटली. त्याने मोठ्या मनाने नाडी धरली, पण तो नाडीपेक्षा स्वतःच्या फोनकडे जास्त बघत होता आणि मध्येच "काका, जरा लवकर" म्हणाला. ते धरता येत नाही. मग मुलीला फोनच्या पडद्यावर बसवून म्हटली. छान ऐकत होती. दिव्याच्या कडव्याला तिचा चेहरा गेला आणि नुसतं छत दिसायला लागलं. छताचा पंखा फिरत होता. बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "पुढे?" आणि घुबडा, तेव्हा मला कळलं की पुढचं माझ्यापाशी नाही. शेवटचं कडवं गेलं. "जा आता" एवढं येतं, कारण ते मी म्हणायचं नसतंच, ते दुसऱ्याने द्यायचं असतं. मीच मला देऊन पाहतो. आंघोळीत देतो, रस्ता ओलांडताना देतो (एक रिक्षावाला थांबून "कुणाला सांगताय?" म्हणून विचारून गेला). माझ्याच तोंडून आलं की त्यामागून काही येत नाही. मुलगी म्हणते, बाबा, कुठली तरी दुसरी कविता म्हणा. पाठ आहेत की, ढिगाने. पण त्यांना माझ्या नाडीची सवय नाही.

असो. या वयात कडवं गेलं तर काय बिघडलं, लोकांचे दात जातात. तुला करमणूक व्हावी म्हणून हे सगळं लिहिलं, दुसरा काही हेतू नाही. बाकी इकडे सर्व ठीक. मांजरीला आणि तिच्या पोटात असतील नसतील त्यांना आशीर्वाद. गुडघ्याला शेक देत जा, आणि पत्राच्या उत्तराची अजिबात घाई नाही.

तुझा,
सदऱ्याचा राजा

ता. क. घाई नाही असं वर लिहिलं ते शिष्टाचार म्हणून. महिनाअखेर जवळ आली आहे. तुला शेवटचं कडवं आठवत असेल तर तेवढं उलट टपाली लिहून पाठव. तुला आठवणारच, दुसऱ्यांच्या ओळी तुला नेहमीच पाठ असायच्या, स्वतःची तेवढी तू विसरायचास.

दुसरा ता. क. लिहून पाठवू नकोस. विचार केला, तर कागदावरून वाचणं म्हणजे म्हणणं नव्हे, नियमात बसत नाही. शिवाय ऐकायला आणि मनगट धरायला कुणीतरी लागेलच. तेव्हा तूच ये. तुझ्या कानांचं मनावर घेऊ नकोस, मी मोठ्याने म्हणेन, शेजाऱ्यांना सांगून ठेवलं आहे. फक्त दिव्याच्या कडव्यानंतर तू मागे उभा राहा आणि तुझं ते दोन शब्दांचं काम कर, म्हणजे पुढचं आपोआप येईल. मांजरीला एकटं ठेववत नसेल तर तिलाही आण. पत्राच्या पहिल्या पानावर कशाचीही गरज नाही असं एक वाक्य आहे ते खोडायचं राहिलं. शाईने लिहिलंय, तू वाचताना पेन्सिलीने खोड.

तिसरा आणि शेवटचा ता. क. गुडघ्यामुळे निघायला उशीर झाला आणि महिना उलटून गेल्यावर पोचलास, तरी ये. ढबू नसेल, हरकत नाही. आयुष्यात एक तरी रेघ सुंदर म्हणून घेतली, तिचं मला वाईट वाटणार नाही. बाकासाठी मी पुन्हा अर्ज करीन, तिच्यासारखाच, दर वर्षी. पण नकाशा अजून पुरा झालेला नाही. बैठक झाली, पाय झाले, पाठीपाशी अडलोय. ती किती कलती ठेवायची ते एकट्याने बसून कळत नाही. एकाने टेकून बसायचं आणि दुसऱ्याने लांबून बघायचं असतं. तू बस, मी बघतो.